‘जाऊ द्या, वहिनी’ याचा अर्थ काय घ्यायचा?

जळगाव जिल्ह्यात महामार्गालगत सासऱ्यांनी सुरू केलेले हॉटेल गेली सहा वर्षे सांभाळणाऱ्या एका वाचक भगिनीच्या पत्राचा हा सारांश आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

भरिताच्या हंगामातील एका रविवारी रात्री दहाच्या सुमारास आठ जणांचा गट जेवायला आला. त्यातील एक गृहस्थ परिसरात वजन असलेले आणि हॉटेलाचे नेहमीचे गिऱ्हाईक. या मंडळींनी बाहेरून आणलेली दारू टेबलावरच घेतली. ओळखीच्या लोकांना हे हॉटेल तशी सवलत देते. कळण्याच्या भाकरींना जवळपास ४० मिनिटे लागली आणि आवाज चढू लागले. १९ वर्षांचा वेटर शेवभाजी घेऊन गेला, तेव्हा त्या गृहस्थाने आधी त्याच्या कानशिलात लगावली आणि मग गरम रश्श्याचा वाडगा त्याच्या अंगावर फेकला. मान, खांदा आणि उजवा हात भाजला. मुलगा सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पाड्यावरचा, आदिवासी समाजातील आहे. तो हॉटेलाच्या वरच्या खोलीत राहतो आणि बहिणीच्या लग्नासाठी त्याने १५,००० रुपये उचल घेतलेली आहे. सासऱ्यांनी भांडण वाढू नये म्हणून त्यालाच हात जोडून माफी मागायला लावली. जाताना त्या गृहस्थाने टेबलावर पाचशेची नोट टाकली. ती मुलाला देण्यात आली. भाजलेल्या जागी टूथपेस्ट लावली आणि दोन दिवसांनी मलम आणले. ‘तो जातीवरूनही काहीतरी बोलला,’ असे पत्रात ओझरते आले आहे.

तिसऱ्या दिवशी मुलाने ती नोट निमूटपणे गल्ल्यात आणून ठेवली. तक्रार करायची का, असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘जाऊ द्या, वहिनी.’ सासरे म्हणतात, गिऱ्हाईक हा देव, आणि उशीर तर आपलाच झाला होता. पती काही बोलत नाहीत. आता त्याच गृहस्थाकडून घरच्या साखरपुड्यासाठी ६० ताटांची विचारणा आली आहे. भगिनी विचारतात: ‘मुलाचीच इच्छा नसेल, तर आम्ही प्रकरण का वाढवावे? पण मग मला झोप का लागत नाही?’

प्रिय ताई,

तुमच्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एक काम आज, हे वाचून होताच करा. तुमच्या हॉटेलात कॅमेरे आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरमधील जागा भरली, की ते यंत्र जुने चित्रण पुसून त्यावर नवे घेते. कुठे हे १५ दिवसांत होते, कुठे महिनाभरात. घटनेला १२ दिवस होऊन गेले आहेत. कॅमेरे बसवून देणाऱ्या माणसाला बोलावून त्या रात्रीचे पूर्ण चित्रण, म्हणजे तो गट आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंतचे, दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून घ्या. ते कधी, कोणी आणि कोणत्या यंत्रातून उतरवले, हे कागदावर लिहून ठेवा. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार असे चित्रण न्यायालयात मांडताना त्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते आणि तेव्हा ही टिपण उपयोगी पडते. तक्रार करायची की नाही, हे ठरण्याआधीच हे करायला मी सांगते आहे, कारण चित्रण पुसले गेले तर तो निर्णय त्या मुलाच्या हातातून आपोआप निसटेल आणि कोणी तो हिरावून घेतला, असेही कोणाला वाटणार नाही.

दुसरे काम उद्या सकाळचे. त्याला घेऊन शासकीय रुग्णालयात जा. भाजल्यावर जखम २० मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरायची असते. टूथपेस्ट, शाई, पीठ, तूप यांनी उष्णता आतच राहते आणि जखम चिघळण्याचा धोका वाढतो. तेलाचा तवंग असलेला आपला रस्सा पाण्यापेक्षा जास्त वेळ कातडीला धरून राहतो, हे तुम्हाला स्वयंपाकघरातल्या अनुभवावरून माहीतच आहे. मानेवरची जखम डॉक्टरांनी पाहणे त्याच्या प्रकृतीसाठी आवश्यक आहे. ती कशामुळे झाली हे खरे सांगून त्याची नोंद होणे हे त्याच्या हक्कासाठी आवश्यक आहे. औषधपाण्याचा खर्च आणि न भरलेल्या दिवसांचा पगार हॉटेलाने द्यावा. यात उपकार काही नाही. कामावर असताना आणि कामामुळे झालेल्या इजेची जबाबदारी मालकावर येते, हे तत्त्व आपल्याकडे १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यापासून मान्य झालेले आहे.

आता त्याच्या ‘जाऊ द्या’विषयी बोलू. तुम्ही ते त्याची इच्छा म्हणून स्वीकारले आहे आणि त्यामुळे तुमच्या मनावरचे ओझे थोडे हलके व्हायला हवे होते; तसे ते झाले नाही. ते का झाले नाही, याचे उत्तर तुमच्याच पत्रात विखुरलेले आहे. तो तुमच्या छपराखाली झोपतो, तुमच्या भटारखान्यात जेवतो, तुमचे १५,००० रुपये त्याच्या डोक्यावर आहेत, आणि ज्या माणसांनी त्याला त्या रात्री हात जोडायला लावले त्याच घरातून तुम्ही त्याला विचारता आहात की तक्रार करायची का. अशा जागी उभ्या असलेल्या माणसाजवळ ‘जाऊ द्या’ याशिवाय दुसरे कोणते उत्तर होते, हा विचार शांतपणे करून पाहा. मी तुमच्यावर आरोप करत नाही. प्रश्न विचारलात, हेच पुष्कळांच्या हातून होत नाही. परंतु जो नाही म्हणू शकत नाही त्याच्या होकाराला जसा अर्थ नसतो, तसाच ज्याला हो म्हणणे परवडत नाही त्याच्या नकारालाही फारसा नसतो.

त्याचे खरे उत्तर ती नोट आहे, असे मला वाटते. पाचशे रुपये ही त्याच्यासाठी लहान रक्कम नाही. ती त्याने दोन दिवस जवळ ठेवली आणि मग परत आणून गल्ल्यात टाकली. ‘हे माझे नाहीत,’ एवढे तो तुम्हाला सांगून गेला आहे, आणि तेही शब्दांची जोखीम न घेता.

सासऱ्यांचे म्हणणेही मी टाळणार नाही. त्यांनी एका हातगाडीपासून हॉटेल उभे केले, असे तुम्ही लिहिले आहे. अशा माणसाने आयुष्यभर पडते घेऊनच धंदा वाढवलेला असतो आणि त्यांच्या भीतीमागे पुष्कळ पाहिलेले जग असते. तरीही ते दोन गोष्टी एकत्र करत आहेत, त्या वेगळ्या करायला हव्यात. उशीर झाला, हे खरे. कळण्याची भाकरी थापायला आणि भाजायला वेळ लागतो, रविवारी रात्री भाकरी करणाऱ्या दोनच बाया असतात, आणि आठ जणांना २०-२५ भाकरी लागणार, हे ऑर्डर घेतानाच सांगता आले असते. तेवढी चूक हॉटेलाची. त्या चुकीसाठी गिऱ्हाईक रागावू शकते, उठून जाऊ शकते, न खाल्लेल्या पदार्थाचे पैसे द्यायला नकार देऊ शकते, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रारही करू शकते. या सगळ्यांत कुठेही त्या मुलाचे अंग येत नाही. भाकरी त्याने थापली नव्हती. तो फक्त समोर होता. हॉटेलातल्या मारहाणीच्या बहुतेक प्रसंगांत हेच घडते: राग उशिराचा, बिलाचा किंवा चवीचा असतो आणि मार त्याला बसतो, ज्याच्या हातात त्यांपैकी काहीच नसते.

‘गिऱ्हाईक देव’ हे वाक्य आपण अतिथीच्या जुन्या वचनावरून उचलले आहे. तैत्तिरीय उपनिषदात गुरू शिष्याला आई, वडील आणि आचार्य यांच्यासोबत अतिथीलाही देव मानायला सांगतो. तो उपदेश यजमानाने स्वतः कसे वागावे याविषयी आहे. तिथला अतिथी पैसे मोजून हुकूम सोडत नाही आणि यजमान आपल्याऐवजी तिसऱ्या कोणाला अपमान सोसायला पुढे करत नाही. तुमच्या सासऱ्यांनी स्वतः हात जोडून ‘उशीर झाला, माफ करा’ म्हटले असते, तर तो त्यांचा मोठेपणा ठरला असता. त्यांनी हात दुसऱ्याचे जोडले.

या ठिकाणी मला थोडे थांबावेसे वाटते, कारण तुमची झोप इथेच उडाली आहे, असा माझा समज आहे. वाडगा फेकणारा माणूस बाहेरचा होता. तो काय करील, हे तुमच्या हातात नव्हते. पण मार खाल्लेल्या, भाजलेल्या मुलाने सगळ्या टेबलांसमोर माफी मागावी, हे तुमच्या घराने ठरवले. त्या क्षणी बाकीच्या सहा वेटरांनी, आचाऱ्यांनी, भाकरी करणाऱ्या बायांनी आणि मोरीवरच्या पोऱ्याने एक गोष्ट शिकून घेतली, की आपल्यावर हात उचलला गेला तर मालक आपल्या बाजूला नसतील. पहिल्या माराची तक्रार पोलिसांकडे होऊ शकते. या दुसऱ्या माराची दाद तो कोणाकडे मागणार? ती तुम्हीच द्यायची आहे. सासऱ्यांना हे पटवायला वेळ लागेल, परंतु तुम्ही त्यांच्यासाठी थांबू नका. ज्यांच्यासमोर माफी मागितली गेली, त्या सगळ्या कामगारांना दुपारी चार-साडेचारच्या निवांत वेळी एकत्र बसवा आणि त्यांच्यासमोर त्या मुलाला सांगा, की त्या रात्री त्याची काही चूक नव्हती, माफी मागायला लावणे चुकीचे होते आणि त्याबद्दल तुम्हाला खेद आहे. एवढी तीन वाक्ये पुरेत. शक्य झाल्यास पतींना सोबत बसवा. ते बोलले नाहीत तरी त्यांचे तिथे असणे सर्वांना दिसेल.

त्याच बैठकीनंतर उचलीचा प्रश्न वेगळा काढा. तक्रार केली किंवा नाही केली, काम सोडले किंवा नाही सोडले, तरी उचलीचा तगादा लावला जाणार नाही आणि ती ठरल्याप्रमाणे पगारातूनच सावकाश फिटेल, हे त्याला लिहून द्या. त्याच्या घरच्या मोठ्या माणसाला, वडिलांना किंवा मामाला, तुमच्या खर्चाने बोलावून घ्या आणि त्या दोघांना तुमच्याविना बोलू द्या. त्यानंतर पुन्हा एकदा विचारा. मग तो ‘जाऊ द्या’ म्हणाला, तर ते त्याचे मत आहे आणि तुम्ही ते मानायला हवे.

त्याला निवड करता यावी म्हणून कायदा काय म्हणतो, हे त्याला आणि तुम्हालाही नीट माहीत हवे. नुसती थप्पड मारणे हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५(२) खाली येते. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मात्र गुन्हा अदखलपात्र असल्याने ठाण्यात बहुधा एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, केली जाते आणि तपासासाठी दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ‘पोलिसांत जाऊन काही होत नाही’ हा समज पुष्कळदा इथून तयार होतो. तुमच्या प्रकरणात मात्र तापलेला पदार्थ अंगावर फेकला गेला आहे. कलम ११८(१) मध्ये धोकादायक हत्यारासोबतच आग आणि तापलेला पदार्थ यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा दखलपात्र. म्हणजे पोलिसांनी एफआयआर नोंदवून तिची प्रत तक्रारदाराला विनामूल्य द्यायची असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार ही फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, आणि ठाण्याने नोंद नाकारली तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. ठाण्यात जाताना म्हणून ‘मारहाण झाली’ एवढेच न सांगता ‘गरम रस्सा फेकला, भाजले’ हे ठामपणे सांगा. फिर्यादीत तो शब्द आला की नाही, यावर बरेच काही ठरते.

आणि आता तुमच्या पत्रातले ते अर्धे वाक्य. जातीवरून ‘काहीतरी’ बोलला, असे तुम्ही लिहिलेत आणि पुढे गेलात. ते शब्द नेमके कोणते होते, हे तुम्ही आणि जवळ असलेल्या कामगारांनी आठवून, प्रत्येकाने वेगवेगळे, लिहून काढा. अनुसूचित जाती-जमातींतील नसलेल्या व्यक्तीने अनुसूचित जमातीच्या माणसाला लोकांच्या देखत जातीचे नाव घेऊन शिवी दिली किंवा पाणउतारा केला, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१) खाली तो स्वतंत्र गुन्हा होतो. त्याला सहा महिने ते पाच वर्षे कैद आणि दंड अशी शिक्षा आहे आणि तपास पोलीस उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी करतो. याच कायद्याच्या कलम १५अ मध्ये पीडित आणि साक्षीदार यांच्या संरक्षणाची जबाबदारी राज्यावर टाकलेली आहे. हा कायदा धाक दाखवून तडजोड पदरात पाडून घेण्याचे साधन नव्हे, आणि जे घडले नाही ते त्यात घालायचे नाही. पण जे घडले ते गाळायचेही नाही. भाजलेली कातडी बरी होईल, त्या शब्दांचे काय, हा प्रश्न त्याच्या मनात असेल. तो तुमच्याजवळ काढायला त्याला संकोच वाटत असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे त्याला एकट्याला जाऊ द्या. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मदतीचा क्रमांक १५१०० आहे.

तुमच्या घराला पोलिसांची भीती वाटते, ती त्या गृहस्थाच्या वजनामुळे, असे तुम्ही म्हणता. मला त्यामागे दुसरे कारण दिसते. परवाना नसताना गिऱ्हाइकांना बसून दारू पिऊ देणे हा महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ च्या कलम ६८ खाली मालकाचा गुन्हा आहे आणि तिथे बसून पिणाऱ्यांसाठी कलम ८४ आहे. आपल्याकडच्या ढाब्यांवर राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या धाडी पडतात त्या यासाठीच. म्हणजे त्या रात्री ११२ वर फोन करायला तुमचा हात धजला नाही, त्याचे कारण टेबलावरच्या बाटल्या होत्या. ज्या सवलतीने ही माणसे तुमच्याकडे येतात, त्याच सवलतीने तुम्ही त्यांच्यासमोर मुके झालात. हे कठोर वाटेल, पण त्यावरच तुमचे पुढचे सगळे अवलंबून आहे. ती सवलत बंद करा. पुढचे दोन-तीन महिने रात्रीचा गल्ला उतरेल, हे मी लपवणार नाही. दिवसाचे जेवण, पार्सल आणि कुटुंबासह येणारी गिऱ्हाइके यांवर तो कितपत भरून निघेल, याचा हिशेब तुम्हीच मांडू शकता. ते परवडणारच नसेल, तर रीतसर परमिट रूमचा परवाना मागा. मधली वाट मात्र तुमच्या कामगारांच्या अंगावरून जाते. तक्रार केल्यास तपासात ही बाब निघू शकते, हे गृहीत धरून आधी वकिलाचा सल्ला घ्या आणि फिर्यादीत मुलाने किंवा तुम्ही खोटे काही सांगू नका.

तुमच्यापुढे वाटा कोणत्या आहेत? काहीच न करणे ही एक वाट आहे, आणि ६० ताटांची ऑर्डर घेतली की तुम्ही तिच्यावर चालू लागलाच. दुसरी वाट फिर्यादीची. ती लांबची आहे, तारखा पडतील, साक्षीदार कामगार काम सोडून जातील, मध्यस्थ घरी येतील. तरी मुलगा तयार असेल तर हीच वाट योग्य आहे असे माझे मत आहे आणि तुम्ही डोळ्यांनी पाहिलेल्या साक्षीदार म्हणून त्याच्यासोबत ठाण्यात जावे. तिसरी वाट ‘बसून मिटवण्याची’. खान्देशात गावोगावी भांडणे अशी मिटतात आणि मी तिला सरसकट नावे ठेवणार नाही. परंतु त्या बैठकीत तो मुलगा एका बाजूचा पक्ष म्हणून बसलेला असावा, चहा देणारा म्हणून नव्हे. त्याच्या घरचे माणूस सोबत असावे, उपचाराचा खर्च आणि बुडालेला रोज त्या गृहस्थाने द्यावा, आणि क्षमा त्याने त्याच हॉटेलात, त्याच कामगारांसमोर मागावी. जातीवाचक शब्द उच्चारले गेले असतील, तर ते प्रकरण अशा बैठकीत मिटवू नका. आणि कोऱ्या कागदावर मुलाची सही कोणालाही घेऊ देऊ नका.

त्या साखरपुड्याच्या ऑर्डरला नकार द्या. कारण खोटे सांगू नका. ‘तारीख भरली आहे’ म्हणालात तर ते पुढची तारीख मागतील. ‘आमच्या मुलाला त्या रात्री भाजले, त्याचे काही झाल्याशिवाय आम्हाला तुमचे काम घेता येणार नाही,’ एवढे सांगा. तुमच्या पतींनी हा फोन केला तर अधिक बरे, कारण तुम्ही केलात तर ‘घरातल्या बाईचे म्हणणे’ म्हणून तो बाजूला सारला जाईल. हा अन्याय आहे, पण त्या फोनपुरते त्याच्याशी भांडण्यात शक्ती घालवू नका.

तुमच्यासारख्या इतर हॉटेलचालकांसाठी काही गोष्टी इथेच लिहिते. ऑर्डर घेतानाच भाकरीला किती वेळ लागेल ते सांगावे आणि तो वेळ टळू लागला तर गिऱ्हाइकाने विचारण्याआधी मालकाने टेबलाजवळ जावे. प्यायलेल्या किंवा आवाज चढलेल्या टेबलावर एकट्या पोऱ्याला पाठवू नये. दोघांनी जावे, गरम भांडे रागावलेल्या माणसाच्या हाताशी न ठेवता टेबलाच्या लांबच्या कडेला ठेवावे. अशा गटाला आतल्या फॅमिली रूममध्ये बसवू नये, काउंटरवरून दिसेल आणि दार जवळ असेल असे टेबल द्यावे. बिलाचा वाद वेटरने घालूच नये, तो काउंटरवर आणावा. कोणी हात उगारला, तर ज्याच्यावर उगारला त्याने लगेच आत जावे आणि तो माणूस बाहेर पडेपर्यंत पुन्हा समोर येऊ नये. ११२ वर फोन कोणी करायचा, हे आधी ठरलेले असावे. मालकाने म्हणायचे वाक्यही ठरवून ठेवावे, कारण त्या क्षणी शब्द सुचत नाहीत: ‘भाऊ, तुमचे जे काही असेल ते मला सांगा. मुलावर हात उचलला तर जेवण इथेच थांबेल.’ आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. झारे, लाटणी घेऊन कामगारांनी गिऱ्हाइकावर तुटून पडणे थांबवा. स्वतःचा किंवा सोबत्याचा जीव वाचवण्यापुरते बळ वापरण्याची मुभा न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. पळणाऱ्या माणसाला रस्त्यावर गाठून मारण्याची नाही. तसे झाले की दोन्हीकडून गुन्हे दाखल होतात आणि शेवटी मुळात मार खाल्लेला मुलगाच आरोपी होऊन तारखांना उभा राहतो.

वाढायला किंवा काउंटरवर बायका असतील, तर एक जास्तीची जबाबदारी येते. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याच्या कलम १९ नुसार कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही स्त्री कर्मचाऱ्याला सुरक्षित ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या १९० क्रमांकाच्या करारानेही कामाच्या ठिकाणच्या हिंसेचा विचार करताना गिऱ्हाइकासारख्या त्रयस्थांकडून होणारी हिंसा लक्षात घ्यायला सांगितले आहे. डॉक्टरांवरील हल्ल्यांसाठी महाराष्ट्रात २०१० पासून वेगळा कायदा आहे. वेटरसाठी तसा नाही; म्हणून त्याच्या बाबतीत मालक काय करतो, याला इतके महत्त्व येते.

या सदराचे वाचक बहुतेक टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसणारे आहेत, म्हणून थोडे त्यांच्यासाठी. कॉलेजात असताना धुळ्याला एका लग्नाहून परतताना आम्ही जेवायला थांबलो होतो आणि शेजारच्या टेबलावर एका पोऱ्याला पाणी सांडले म्हणून दोन मुस्काटात बसल्या. आम्ही नऊ जण होतो. आम्ही मान खाली घालून जेवत राहिलो आणि बिल देऊन निघून आलो. त्यातला एक जण जरी उठून उभा राहिला असता, तरी दुसरी मुस्काटात बसली नसती, असे मला आजही वाटते. त्या रात्री तुमच्या हॉटेलात आणखी चार टेबले भरलेली होती, असे तुम्ही लिहिले आहे. त्यांपैकी कोणी ओळखीचे असेल, तर त्यांनाही विचारा, जे पाहिले ते सांगायला ते तयार आहेत का. एखादे कुटुंब हो म्हणेल.

राहिली ती नोट. ती अजून गल्ल्यात वेगळी असेल, तर पाकिटात घालून त्यावर तारीख लिहून ठेवा. खर्चून टाकू नका आणि पुन्हा त्या मुलाच्या हातात देऊ नका. तो फिर्याद द्यायला तयार झाला, तर ठाण्यात या नोटेविषयीही सांगा. नाही झाला, तर ज्या दिवशी साखरपुड्याच्या ऑर्डरला नकार कळवाल त्याच दिवशी ते पाकीट त्या गृहस्थाच्या घरी पोहोचते करा, आणि ते पोहोचले हे मुलाला सांगा.